रहमानची टाकी

टाकीत उतरणाऱ्या माणसाला एकच भीती असते, वरचा आवाज बंद पडण्याची. आमच्या धंद्यात ती सगळ्यांनाच असते, त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. मला मात्र शेवटी शेवटी उलटीच भीती लागली होती, की हा आवाज आता संपणारच नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. कारण तो आवाज माझ्या दाजींचा होता, आणि दाजींचं पढणं संपूच नये असं म्हणणारे लोक आमच्या वस्तीत ढिगाने आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ, म्हणून सगळे त्यांना हाफिजजी म्हणतात. मी दाजी म्हणतो आणि संधी मिळेल तेव्हा छळतो, मेहुण्याचं ते कामच आहे. आई गेल्यावर आपाने, म्हणजे बहिणीने, मला तिच्या घरी आणलं तेव्हा दाजींनी मलाही हाफिज करायचं मनावर घेतलं होतं. रोज पहाटे समोर बसवायचे. मी मागच्या दाराने पळायचो. बरेच दिवस हे चाललं, मग एकदा ते आपाला म्हणाले, "तुझ्या भावाच्या कानात सगळं जातं गं, फक्त तोंडातून बाहेर येत नाही." आणि त्यांनी माझा नाद सोडला. पुढे मला कामाला मात्र त्यांनीच लावलं, त्यांच्याच टोळीत. लग्न होऊन मुलगी झाल्यावर मी वेगळं बिऱ्हाड केलं, पण टोळी तीच राहिली.

आम्ही टाक्या साफ करतो. कारखान्यांच्या आवारात जमिनीखाली तेलाच्या, साबणाच्या, कसल्या कसल्या घाण पाण्याच्या टाक्या असतात. तळाला गाळ बसतो, तो खरवडून बादल्यांनी वर पाठवायचा. टाकीचं तोंड एका माणसापुरतं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि ती दोरी तिपाईवरच्या कप्पीतून वरच्या माणसाच्या हातात. एक जाड नळी आत सोडून पंख्याने हवा मारतात, पण गाळ ढवळला की त्यातून वायू सुटतोच. तो दिसत नाही, पुष्कळदा वासही येत नाही. त्याची पहिली खूण म्हणजे माणसाला एकदम बरं वाटायला लागतं. अंग हलकं होतं, डोकं गोड होतं, दोन बादल्या अजून भरू असं वाटतं. म्हणून खाली किती वेळ थांबायचं हे खालच्याने ठरवायचं नसतं. ते दोरीवाल्याचं काम.

बाकीचे दोरीवाले मनगटावरचं घड्याळ बघतात. दाजी दोरी धरून पढायचे. टाकी किती वाईट आहे ते वास घेऊन, तोंडाशी वाकून, मुकादमाशी दोन शब्द बोलून ठरवायचे, आणि मग त्या मापाचा सूरा, म्हणजे कुराणातला अध्याय, निवडायचे. टाकी मोकळी, हवा खेळती असली तर यासीन, तो मोठा. मध्यम असली तर रहमान. अगदीच वाईट असली तर शेवटच्या पानांवरचे छोटे सूरे, दोन श्वासांत संपणारे. सूरा संपला की दोरी ताणली जायची, आणि हातातलं काम कितीही राहिलेलं असो, माणूस वर. टोळीतले लोक टाक्यांना नावंही तशीच द्यायचे. "उद्या कुठे?" "त्या मागच्या कारखान्यात, रहमानची टाकी आहे." ज्यांचा नमाजाशी सात जन्मांत संबंध नव्हता तेही असंच बोलायचे.

घड्याळापेक्षा हे बरं होतं, कारण घड्याळ खाली ऐकू येत नाही. अंधारात, गुडघाभर चिखलात उभं असताना वर कोणी आहे की चहाला गेलाय हे कळायला मार्ग नसतो. दाजींचा आवाज मात्र नळीतून, तोंडातून, भिंतींवरून घुमत खाली यायचा. लोखंडाच्या टाकीत तर असा घुमायचा की आपण त्या आवाजाच्या आतच उभे आहोत असं वाटायचं. मला अरबीचं अक्षर कळत नाही. पण दाजींनी अर्थ सांगून आणि वर्षानुवर्षं ऐकून रहमानचा नकाशा मला पाठ झाला होता. कुठे समुद्र येतो, कुठे मोती, कुठे डोंगराएवढी गलबतं. मग आकाश फाटून तेलासारखं लाल होतं, धूर येतो, आग येते. आणि सगळ्यात शेवटी बागा. झरे, फळं, गाद्यागिरद्या. बागा सुरू झाल्या की मी फावडं आवरायला घ्यायचो.

एकदा टेंपोतून जाताना मी त्यांना म्हटलं, "दाजी, या सूऱ्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारलाय हो? दर दोन ओळींनी तेच. रबाच्या, अल्लाच्या कुठल्या कुठल्या कृपा नाकाराल? एकदा विचारलं तर आम्हाला कळत नाही होय?"

त्यांना राग आला नाही. त्यांना कुराणाविषयी कोणी काही विचारलं की रागवायला सवडच नसायची. "प्रश्न एकच आहे, पण दर वेळी तोंड बदलतो," ते म्हणाले. "मोत्यांनंतर आला की माया करतो. आगीनंतर आला की तोच प्रश्न मानेवर हात ठेवतो. शब्द इकडचा तिकडे नाही. तू नीट ऐक, मीही आवाज बदलत नाही. तो आपोआप बदलतो." मग थोडं हसून म्हणाले, "आणि तो दोघांना विचारलाय. माणसांना आणि जिन्नांना. पण मला आपलं वाटतं, एक वर आणि एक खाली. आपल्या दोघांनाच विचारलाय."

मी म्हटलं, "म्हणजे जिन्न मी." त्यावर ते इतके हसले की मुकादमाने पुढून मागे वळून बघितलं.

हे असे आमचे दिवस चांगले चालले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला लहानशी मशीद आहे. इमाम सुट्टीवर असला किंवा आजारी असला की पहाटेचा नमाज दाजी पढवायचे, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन रांगा जास्त व्हायच्या. त्यांच्या बरोबर मागे चष्मेवाले उभे राहायचे. हे चष्म्याचं दुकान चालवून आता घरी बसलेले गृहस्थ, तेही हाफिज. मागे एका हाफिजाने उभं राहायचं ही रीतच आहे, कारण पढणारा चुकला किंवा अडला तर मागच्याने पुढचे शब्द सांगायचे. त्याला लुकमा देणं म्हणतात, म्हणजे घास भरवणं. त्यात कमीपणा काही नाही. मोठमोठे पढणारे लुकमा घेतात.

कुराणात काही आयती, म्हणजे वचनं, एकमेकींसारख्या असतात. तीच गोष्ट दोन सूऱ्यांत येते, ओळीच्या ओळी सारख्या, आणि मग एका शब्दावर दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. तिथे भलेभले घसरतात. या सूऱ्यातून निघालेला माणूस त्या सूऱ्यात पोचतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. अशा जागा हाफिज लोक तरुणपणीच खुणा करून ठेवतात, रस्त्यावरच्या खड्ड्यासारख्या. दाजीही एकदा तिथे घसरले. चष्मेवाल्यांनी घास भरवला, दाजींनी घेतला, नमाज पुढे गेला. बाहेर आल्यावर दोघं त्यावर हसलेसुद्धा.

मग पुन्हा एकदा घसरले. मग वरचेवर. आणि एका पहाटे ते घसरले, चष्मेवाल्यांनी शब्द सांगितला, आणि दाजींनी तो घेतला नाही. ते त्याच वाटेने पुढे गेले, फिरून त्याच जागी आले, पुन्हा घसरले. चष्मेवाल्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. दाजींचा आवाज चढला. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या पायाखालची चटई गार होती आणि मला घाम फुटला होता. ते त्या आयतींच्या भोवती फिरतच राहिले, अंगणात वाट चुकलेल्या माणसासारखे, आणि पढणं मात्र इतकं गोड की रांगेतल्या निम्म्या लोकांना काही बिनसलंय हे कळलंच नसेल. शेवटी चष्मेवाले जोरात खाकरले आणि दाजी दचकून, पढणं थांबवून रुकूसाठी कमरेत वाकले.

बाहेर चपला घालताना चष्मेवाल्यांनी मला बाजूला घेतलं. "चुकण्याचं मला काही वाटत नाही," ते म्हणाले. "माझंही वय झालंय, मीही चुकतो. पण आज त्यांना माझा आवाज ऐकूच आला नाही. मी हातभर अंतरावर होतो."

"कानांना झालं असेल काही," मी म्हटलं.

"कान चांगले आहेत," ते म्हणाले, आणि कोपऱ्याकडे बघायला लागले. तिथे दाजी भिंतीला हात लावून उभे होते. घरी जायचं कुठल्या बाजूने ते आठवत असल्यासारखे.

मी त्याच दिवशी आपाकडे गेलो. ती भांडी घासत होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मशिदीतलं सांगायला आलास ना? मला माहीत आहे." मग नळ बंद न करताच बोलायला लागली, आवाज बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून. दाजी आता घरी कुराण उघडून बसतात. तेही दार लावून. लग्न झाल्यापासून तिने त्यांना कधी पुस्तक उघडताना पाहिलं नव्हतं. पुस्तक रेशमी फडक्यात वर ठेवलेलं असायचं आणि ते डोळे मिटून पढायचे. आता ते एकच पान समोर धरतात, बोट ठेवून ओळ न ओळ वाचतात, पुस्तक मिटून म्हणून बघतात, आणि पुन्हा उघडतात. एकदा ती चहा घेऊन गेली तर त्यांनी पान झाकलं.

"डॉक्टरकडे नेऊ या," मी म्हटलं.

"नेऊ. पण तू कामावर काही बोलू नकोस. मशिदीतल्या लोकांनाही बोलू नका म्हणून सांगते मी. अरे, त्यांच्याकडे दुसरं आहे काय? शाळा नाही, पैसा नाही, मूल नाही. लहानपणापासून हे एकच भरलंय त्यांच्यात. ते गेलं तर माणूस म्हणून उरणार काय मागे?"

"आपा, त्यांच्या दोरीच्या खालच्या टोकाला मी असतो."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग तिला रडू कोसळलं. "म्हणून तर तुला सांगितलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला मी हे कळूही दिलं नसतं."

मी मुकादमाकडे गेलो. आपाचा शब्द मोडला म्हणा हवं तर, पण गप्प बसणं मला जमलं नाही. म्हटलं, हाफिजजींना जरा आराम द्या, दोरी लंबूकडे द्या. लंबू म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच गडी, दांडगा आणि डोक्याने शांत. मुकादमाने माझा उद्धार केला. "तुझं काय बिनसलंय त्यांच्याशी? घरातलं भांडण कामावर आणू नकोस. त्यांच्या दोरीला आजवर एक माणूस दगावला नाही. घड्याळवाल्यांचं काय झालं ते बघितलंस ना शेजारच्या टोळीत? आणि हा नवा," त्याने बोट दाखवलं, "हाफिजजी वर असतील तरच उतरतो म्हणाला. त्याला विचार."

नवा नुकताच कामाला लागला होता, दोन लेकरांचा बाप, भित्रा पण मेहनती. तो म्हणाला, "खरंच. त्यांचा आवाज आला की मला घरी असल्यासारखं वाटतं." मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. त्याचा काय दोष होता? पण इतका विश्वास बघून मी तिथून चालता झालो.

शेवटी मी दाजींशीच बोललो. टेंपोत आम्ही दोघं मागे बसलो होतो, पायांत दोरीचं वेटोळं. मी आडवळणाने सुरुवात केली. म्हटलं, दाजी, तुमचे हात दुखतात हल्ली, दोरी लंबूला धरू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि नुसतं पढा.

त्यांचे ओठ हलत होते. ओठ हल्ली कायमच हलत असायचे, जेवताना, चालताना, झोपेतसुद्धा, असं आपा म्हणायची. दिवसभर घर झाडत राहणाऱ्या बाईसारखं ते आतून सगळं पुन्हा पुन्हा तपासत होते, कुठे काय पडलंय ते.

"दोरी हातात नसेल तर मी कोणासाठी पढू?" ते म्हणाले.

मी पायांतलं वेटोळं नीट करायला लागलो.

"तुला कोणी काही सांगितलंय," ते म्हणाले. "सांगू दे. कधी कधी एखादं पान सापडत नाही, हे खरं आहे. पण दोरी धरली की सगळं येतं. दोरीला वजन लागलं की शब्द आपोआप येतात. खाली माणूस आहे हे माझ्या हाताला कळतं." त्यांनी माझा दंड धरला. "मला त्याची फार भीती वाटते रे. ज्याने कुराण पाठ केलं आणि घालवलं त्याने वर जाऊन काय तोंड दाखवायचं? माझ्याकडून एवढं एक काढून घेऊ नका."

मी काढून घेतलं नाही. त्याऐवजी एक ठरवलं, की दाजींच्या दोरीवर उतरायचं तर मीच उतरायचं, पहिला आणि जमलं तर शेवटचाही, आणि लंबूने कुठलंही काम सोडून दाजींच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. लंबूला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हलणार नाही तिथून." काही दिवस हे निभावलं. दाजी खरोखर व्यवस्थित पढत होते. मला वाटायला लागलं की त्यांचंच खरं असेल, दोरीच त्यांना धरून ठेवत असेल.

ती टाकी एका तेलाच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. लोखंडी, जमिनीत पुरलेली, वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली. झाकण काढलं तेव्हा आतून ऊबदार हवा आली, एखाद्याने तोंडावर श्वास सोडावा तशी. दाजी वाकले, वास घेतला, "रहमान," म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. डोळे स्वच्छ होते. माझ्या पट्ट्याची गाठ त्यांनी स्वतः ओढून बघितली, नेहमीसारखी. मी दोरीच्या शिडीवरून खाली गेलो.

पंख्याची घरघर, तिच्यावरून दाजींचा आवाज. मी गाळ ओढत होतो. सुरुवातीचं सूर्य-चंद्राचं आलं, तराजूचं आलं. मग आवाज एकाएकी फार स्वच्छ झाला. प्रत्येक शब्द वेगळा, धुतल्यासारखा. मोती आले, गलबतं आली. मी मनात म्हटलं, वा दाजी. मला फार बरं वाटत होतं. अंग हलकं झालं होतं, फावडं कापसाचं झालं होतं, आणि हे सगळं किती छान आहे असं वाटत असतानाच माझ्या लक्षात आलं की आवाज स्वच्छ झालाय कारण पंखा बंद पडलाय.

नंतर कळलं की पंख्याचं इंजिन धूर ओकायला लागलं होतं आणि मुकादमाने लंबूला ओरडून तिकडे बोलावलं होतं. लंबू धावला, इंजिन पेटलं तर सगळंच खलास म्हणून. दाजी वर एकटे होते.

मी म्हटलं, घाबरायचं नाही, सूरा निम्म्यावर आहे, पुढे आग, मग बागा, की वर. आकाश फाटलं. तेलासारखं लाल झालं. प्रश्न आला. गुन्हेगार त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखले गेले. प्रश्न आला. आग आणि उकळतं पाणी यांच्यामध्ये ते फेऱ्या मारत राहतील, इथे प्रश्न येतो, आणि त्यानंतर बागा. मी फावडं खाली टाकलं.

आकाश पुन्हा फाटलं.

मी कान टवकारले. पुन्हा लाल तेल, पुन्हा चेहरे, पुन्हा त्या फेऱ्या. आणि पुन्हा आकाश. आवाजात जराही अडखळ नव्हती. इतकं सुंदर पढणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग मला एक भयंकर शंका आली, की दाजी नीटच पढताहेत आणि फिरतंय ते माझं डोकं. वायूने तसं होतं. मी माझ्या मुलीचं नाव आठवून बघितलं. आलं. घराचा रस्ता आठवला. तोही आला. आकाश पुन्हा फाटलं.

मी दोरीला दोन झटके दिले. दोन झटके म्हणजे ओढा. वरची दोरी क्षणभर ताठ झाली, आणि मग सैल पडली. दाजींना वाटलं मला पुढे जायला दोरी हवी आहे. ते ढील देत होते. दोरीचं वेटोळं माझ्या डोक्यावर, खांद्यांवर येऊन पडायला लागलं, मऊ, न थांबता, आणि पढणं चालूच. मी शिडीला लोंबकळलो, पण पाय भिजलेल्या चिंध्यांसारखे झाले होते. पहिल्या पायरीवरही ठरेनात. मी "दाजी!" म्हणून हाक मारली. दोनदा मारली, तीनदा मारली. त्या आवाजात माझी हाक विरून गेली. पढताना दाजी कधीच मधे थांबत नसत, कोणी हाक मारली तरी.

तेव्हा मला चष्मेवाले आठवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कानात साठलेलं तोंडातून बाहेर आलं. दाजी फेऱ्यांच्या ओळीवर आले, प्रश्न आला, आणि त्यांनी श्वास घेतला तेवढ्या फटीत मी बागांची पहिली आयत म्हटली. जमेल तशी, ओरडून, चुकीच्या उच्चारांनी. आपल्या रबासमोर उभं राहायला जो घाबरतो त्याच्यासाठी दोन बागा, असा काहीतरी तिचा अर्थ. मी ती माझ्या सगळ्या छातीने वर फेकली.

वर एकदम शांत झालं. मी डोकं वर करून त्या गोल उजेडाकडे बघत राहिलो. त्या शांततेत मला वाटलं की आता संपलं, मी त्यांचं शेवटचं टोकही तोडलं.

मग त्यांनी तो घास घेतला. तीच आयत, पण आता जशी म्हणायला हवी तशी. आणि ते पुढे गेले, बागांमध्ये. पण सूरा संपल्याशिवाय दोरी ओढायची नाही हा त्यांचा नेम होता, आणि बागांचं वर्णन मोठं आहे. दोन बागा, त्यांत दोन झरे, हर फळाचे दोन प्रकार. मग त्या दोघींपलीकडे आणखी दोन बागा. मी हात शिडीत अडकवून लोंबकळत होतो, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि प्रत्येक आयतीनंतर तो प्रश्न. मला स्वर्गाचं वर्णन इतकं लांब कधी वाटलं नव्हतं. शिव्या तोंडात येत होत्या आणि रडूही येत होतं. मग शेवटची ओळ आली, आणि दोरी ताणली गेली. मी वर निघालो. लंबू परत आला होता, कप्पीवर दोन हातांऐवजी चार झाले होते.

बाहेर पडलो तो चिखलातच उलटी झाली. लंबू माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि मला म्हणत होता, माफ कर, माफ कर. मुकादमाचा चेहरा पांढराफटक. पण मी बघत होतो दाजींकडे. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी मशिदीतही कधी बघितला नव्हता.

"खालून कोणीतरी लुकमा दिला," ते सगळ्यांना सांगत होते. "अगदी जागच्या जागी. मी अडलो होतो, मला वाट सापडत नव्हती, आणि खालून आवाज आला. उच्चार कच्चे आहेत, पण जागा बरोबर. कोण हाफिज आहे खाली?"

"दाजी," मी म्हटलं, "मीच होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोरीचं एक टोक त्यांच्या मुठीत होतं आणि दुसरं माझ्या कमरेला. "तू कधी आलास?" ते म्हणाले.

नवा गडी पट्टा बांधून तयार उभा होता. त्याला आमच्या बोलण्यातलं काय कळलं कोण जाणे, पण दाजींनी त्याच्याकडे बघून मान हलवली तसा तो पुढे आला. रहमान एकदा पढून झाला होता. पाळी त्याची होती.

"सोड गाठ," दाजी मला म्हणाले. "पुढचा माणूस थांबलाय."

मी गाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. मला त्यांची भीती वाटत होती, आणि त्यांच्याइतकं प्रेम मी माझ्या बापावरही केलं नव्हतं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझी बोटं एकेक करून हलक्या हाताने सोडवायला लागले, लहान मुलाच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी तशी. त्यांचे ओठ पुन्हा पहिल्या आयतीपासून हलायला लागले होते.